भूक किती?

बाबा, तुमचा फळा मी उतरवला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला काय चिडायचं ते चिडून घेता येईल.

तुम्ही गेल्यावर दादाने इतकी वर्षं आपलं उपाहारगृह चालवलं, पण फळ्याला हात लावला नाही. गल्ल्यामागची ती भिंतभर काळी पाटी, त्यावर जो पदार्थ जेव्हा सुरू झाला तेव्हा खाली जोडलेला. मिसळीखाली पियुष, पियुषाखाली दडपे पोहे, मग मध्येच कॉफी. आणि तळाशी तुमच्या हुकमाने रंगवलेलं, 'फळ्यावर आहे तेच मिळेल. चौकशी करू नये.' आता सदाशिव पेठेत निम्मी गिऱ्हाइकं म्हणजे क्लाससाठी आलेली बाहेरगावची मुलं. ती दारात उभी राहून मान वर करून वाचतात, एकमेकांना कोपर मारतात आणि समोरच्या सँडविचवाल्याकडे जातात. दादा कंटाळला. म्हणाला, "दिवाळीनंतर जागा केकवाल्याला भाड्याने देऊन टाकू." मी म्हटलं, तोवर गल्ला माझ्याकडे दे. तो हसला, अगदी तुमच्यासारखा, नाकातून. त्या हसण्यानेच मी हट्टाला पेटले.

फळा काढला आणि छापील मेनूकार्ड केलं. फोटो टाकले, न्याहारी, गोड, पेय असे भाग पाडले. दिसायला झकास. पहिल्याच दिवशी वर्ध्याची एक मुलगी ते उलटसुलट करत बसली. शेवटी म्हणाली, "काकू, यातलं पोटभर काय आहे जी? अन् दडपे पोहे म्हणजे काय राहते?" मागच्या टेबलावर तुमचे जुने गिऱ्हाईक, ते निवृत्त मास्तर, चहा पीत होते. "फळा होता तेव्हा कसं स्वच्छ कळायचं," ते म्हणाले. मी विचारलं, "तुम्ही कधी वाचलात तो?" "मी कशाला वाचू? तुमचे वडील विचारायचे, मी सांगायचो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फळा कुणी वाचतच नव्हतं. चौकशी करू नये अशी पाटी लावणारा माणूस स्वतःच येईल त्याची चौकशी करत होता. मला नववीतली ती दुपार आठवते. शाळेच्या स्पर्धेत भाषण मध्येच विसरून मी परस्पर हॉटेलात आले आहे, रडायचं नाही असं ठरवून दप्तरासकट कोपऱ्यात बसले आहे. तुम्ही गल्ल्यावरून मान न वळवता विचारता, "भूक किती?" मी म्हणते, "नाहीये." "म्हणजे बरीच दिसते," म्हणत तुम्ही आत हाक देता आणि थालीपीठ येतं, लोण्याचा गोळा नेहमीपेक्षा मोठा. भाषणाबद्दल तुम्ही अवाक्षर काढत नाही.

ते झकास कार्ड मी रद्दीत टाकलं. नव्या कार्डावर वर मोठ्या अक्षरांत एवढंच, 'भूक किती?' आणि खाली तीन भाग: थोडी, बरी, कडकडून. जे पदार्थ नुसते फळ्यावर होते आणि मागितले की 'संपले' व्हायचे, ते काढले. उरलेल्यांपुढे साध्या भाषेत एकेक ओळ. दडपे पोहे: पातळ पोहे, ओला नारळ, कांदा, लिंबू, वर फोडणी, गरम नसतात. दादा म्हणाला, "लोक हसतील." म्हटलं, हसू देत, बसून हसू देत.

वर्ध्याची मुलगी परत आली. कार्ड पाहिलं, 'कडकडून'वर बोट ठेवलं आणि म्हणाली, "थालीपीठ द्या." काही विचारलं नाही. पुढच्या वेळी मैत्रिणी घेऊन आली. मास्तर कार्ड उघडत नाहीत, पण आत येतानाच "आज थोडी" असं बजावतात. रविवारी दादा येऊन सगळं बघून गेला. केकवाल्याला थांबायला सांगितलंय म्हणाला. नाही म्हणून नव्हे, थांबायला. मला तेवढं पुरे आहे. ही जागा मी सोडणार नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? गल्ल्याखालच्या खणात राहील. एक मात्र कबूल करते. येणारे-जाणारे विचारतात, ही भुकेची कल्पना कुणाची? मी खुशाल सांगते, माझी. श्रेय लाटायचं म्हणून नव्हे, बाबा. एकदा 'वडिलांची' म्हणायला गेले तर ती नववीतली दुपारच सांगत बसले, आणि आत ऑर्डर सांगायची राहून गेली.