पानशेतच्या बंगल्यातला दगडू

बिबवेवाडी, पुणे
८ नोव्हेंबर २००४

चि. सलिल यास अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व ठीक, असं लिहायला हात धजत नाही. फोनवर धड बोलता आलं नसतं, म्हणून पत्र.

शनिवारी आम्ही पानशेतजवळ एका सुट्टीच्या बंगल्यात राहायला गेलो. तुझ्या भाचीने, सुरुचीने पाळलेलं कुत्र्याचं पिल्लू घरी कोणाजवळ ठेवणार? आणि तिथे कुत्र्यांना मज्जाव नाही. उलट पाटीच आहे, ‘कुत्र्यांचे स्वागत. माणसांनी नीट वागावे.’ हसत आत शिरलो, तर ओसरीवर दगडू.

हो, आपला दगडू. तोच फाटका कान. मी नाव घेतलं मात्र, माझ्या अंगावर झेपावला. तिथलं सगळं बघणाऱ्या सोजरबाई म्हणाल्या, “त्यो आप्पांचा हाय. म्हातारबा दर महिन्याला एसटीनं येत्यात, त्याला भेटून जात्यात.”

आप्पा दर महिन्याला पेन्शनरांच्या सभेला जातात ना रे? तीन वर्षांपूर्वी ट्रकखाली गेलेला दगडू स्वतःच्या हातांनी पुरला, असं त्यांनीच सांगितलं. आईने फाटक उघडं टाकलं म्हणून तो गेला, हे आई अजून मनात धरून आहे. मला काही सुचत नाही. तू सांग.

तुझी,
श्यामलाताई


बंगळूर
१४ नोव्हेंबर २००४

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसच्या जिन्यात वाचलं आणि मीटिंगला गेलोच नाही. पुन्हा वाचलं, तरी तेच लिहिलेलं होतं.

तुला एक ठाऊक नाही. दगडू गेल्याचं कळलं तेव्हा मी आईला फोनवर म्हटलं होतं, “तुझ्या निष्काळजीपणाने गेला.” तिने नुसतं ‘हो’ म्हणून फोन ठेवला. त्यानंतर तिने कधी माझ्याकडे त्याचं नाव काढलं नाही, आणि मीही माफी मागितली नाही.

तू काही बोलू नकोस. आप्पांना मीच लिहितो. आईला हे त्यांच्याच तोंडून कळलं पाहिजे.

भावजींना नमस्कार. माझ्यावर रागाव, पण लिहीत राहा.

तुझा,
सलिल


सहकारनगर, पुणे
२९ नोव्हेंबर २००४

चि. सलिल यास आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. त्यात प्रश्न सात आहेत, उत्तर एकच. मी खोटे बोललो.

तुझ्या आईचा दमा तेव्हा विकोपाला गेला होता. कुत्रा घरात नको, असे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले. ती दगडूला सोडणार नाही, असे मीच ठरवून टाकले. बंगल्याचे मालक उत्तरेश्वर माझे जुने विद्यार्थी. ते त्याला सांभाळायला तयार झाले. त्याला तिकडे नेले तेव्हा फाटक मी उघडे ठेवले होते, तिने नव्हे. ती स्वतःला दोष देऊ लागली, तेव्हा खरे सांगायला हवे होते. आज सांगू, उद्या सांगू, यात तीन वर्षे गेली.

परवा सांगितले. तिने गॅस बंद केला आणि विचारले, पानशेतची एसटी किती वाजता आहे.

काल गेलो. तोंडाला पदर लावून ती ओसरीवर बसली. दगडूने तिच्या पायावर डोके ठेवले. तिला धाप लागली तरी तासभर हलली नाही. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “मला विचारलं असतंत, तर मीच त्याला इथे आणून सोडलं असतं.”

परतताना एसटी निम्मी रिकामी होती. चाळीस वर्षांच्या संसारात प्रथमच ती माझ्या शेजारी बसली नाही.

तिला सविस्तर पत्र लिही. मला नाही लिहिलेस तरी चालेल.

तुझे,
आप्पा