निनाआजीच्या शिव्यांचं इंग्रजी

३ मार्च २००७, शनिवार. स्लाऊ.
सूनबाई ओल्गाची आजी निना रशियाहून आली, पणतू बघायला. तिला इंग्रजी येत नाही, ओल्गाला बाळापुढे वेळ नाही. म्हणजे घरात दुभाषा एकच. मॉस्कोत इंजिनिअरिंग केलं ते अखेर कामी येणार. मला आल्याआल्या 'आदरणीय पद्माकर विनायकोविच' म्हणाली. वडिलांचं नाव जोडून हाक मारणं हा तिकडे मोठा मान. प्रमोदिनीला हे दोनदा सांगितलं. ती कुकर लावत होती.

४ मार्च.
आजी बाळाला 'वोन्युचका' म्हणते, म्हणजे घाणेरडा. आमच्या मुलाला, अनयला, 'दुराचोक', म्हणजे मूर्ख. अनय खुशाल हसतो. निश्चय: आजीच्या सगळ्या शिव्यांचं अचूक इंग्रजी करायचं, अनयचं मराठी यथातथाच म्हणून. उद्यापासून सुरुवात.

७ मार्च.
सुरुवात आज. मध्ये खोकला होता. पहिल्याच शिवीला अडलो. 'स्टिंकर' फार हलकं वाटतं. अनय म्हणाला, बाबा, सरळ 'डार्लिंग' म्हणा. याला काय भाषांतर म्हणतात?

१३ मार्च.
हेल्थ व्हिजिटर सॅली, म्हणजे घरोघरी जाणारी सरकारी नर्स, बाळाचं वजन करायला आली. आजीने बाळाकडे बघून काहीतरी पुटपुटत तीनदा थू थू केलं. सॅलीने अर्थ विचारला. मी प्रामाणिकपणे इंग्रजीत सांगितलं की, त्या बाळाला कुरूप राक्षस म्हणून त्याच्यावर थुंकतायत. सॅली ओल्गाला किचनमध्ये घेऊन गेली आणि घरात सगळं ठीक आहे ना विचारू लागली. ओल्गा रडली. मग प्रमोदिनीने जाऊन समजावलं की, दृष्ट लागू नये म्हणून म्हणतात तसं, आम्हीसुद्धा म्हणतो. सॅलीला पटलं. प्रमोदिनीला रशियनचं अक्षरही येत नाही, हे कोणीच लक्षात घेतलं नाही.

१४ मार्च.
अनयने सांगितलं, बाबा, आता ट्रान्सलेट करू नका. भाषांतर अचूक होतं. पुन्हा लिहितो, अचूक होतं.

२० मार्च.
माझ्यावाचून काही अडलेलं नाही. याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. प्रमोदिनी आणि आजी आपापल्या भाषेत बोलत चकल्या पाडतात. चकली खाऊन आजी तिला 'म्हातारी चेटकीण' म्हणाली आणि गळ्यात पडली. बॉयलरवाल्यालाही 'दुराचोक' म्हणून केक दिला. शेजाऱ्यांच्या मांजरालासुद्धा शिवी. मला मात्र: पद्माकर विनायकोविच, कृपया बाजूला व्हावं. रात्री प्रमोदिनीला विचारलं, मलाच का नाही? ती म्हणाली, अहो, ती जीव लावलेल्यांनाच शिव्या घालते.
झोप लागेना. निश्चय: उद्यापासून मूर्खासारखं वागायचं.

२२ मार्च.
आजीच्या चहात मुद्दाम मीठ टाकलं. तिने निमूट पिऊन आभार मानले.

३१ मार्च. हीथ्रोहून परतल्यावर.
आजी गेली. दुराचोक, वोन्युचका, चेटकीण, सगळ्यांना मिठ्या, रडारड. माझी पाळी आली तेव्हा मीही वाकून गाल पुढे केला. तिने हात मिळवला. म्हणाली, आदरणीय पद्माकर विनायकोविच, आपल्या पाहुणचाराबद्दल मी आभारी आहे.
बंदी मोडून मी त्याचं इंग्रजी करून सगळ्यांना सांगितलं. एकही चूक झाली नाही. कोणी विचारलं नव्हतं.