बु रास्मीची भिंत

२७ जुलै
ठरलं एकदाचं! आमच्या चित्रकार मंडळात मतदान नसतं – सगळ्यांचं एकमत होईपर्यंत कुणी चटईवरून उठायचं नाही. म्हणजे ज्याला आधी लघवी लागते तो हरतो. पुढारीही कुणी नाही. त्याचं नाव दामार.

तर नदीकाठचा रस्ता रुंद करायला बु रास्मीचं घर पाडणार आहेत; बु म्हणजे आई, सगळी गल्ली तिला तशीच हाक मारते. म्हणून घराच्या पुढच्या भिंतीवर तिचाच चेहरा काढायचा. दामार म्हणाला, "आता पाडून दाखवा म्हणावं!"

३१ जुलै
चेहरा झाला. खाली टेंपेच्या सोयाबीन वड्या तळता तळता बु रास्मीनं वर पाहिलं. "नाक माझ्या सासूचं काढलंयस गं!" मग हळूच, "पण यानं घर वाचेल ना?"
"वाचेल," मी म्हणाले. अगदी छातीठोक.

४ ऑगस्ट
फोटोवाल्यांची झुंबड. जकार्ताहून एक बाई आल्या, भिंतीला हात लावून रडल्या. टेंपे नको म्हणाल्या – तेलकट!

८ ऑगस्ट
जिंकलो! रस्त्याचे साहेब स्वतः आले. "ही भिंत शहराची ठेव. तिला धक्का लागणार नाही. रस्ता मागून नेऊ." आम्ही टाळ्या पिटल्या.
"मागं तर मी राहते, साहेब," बु रास्मी म्हणाली.
"तुम्ही तर भिंतीवर आहात, बु. कायमच्या!"
सगळे हसले. मीही. शी!

९ ऑगस्ट
बैठक. दामार – "निदान कला तरी वाचली." कुणी काही बोललं नाही. म्हणजे एकमत.

१० ऑगस्ट, रविवार
सतरा तारखेचा स्वातंत्र्यदिन जवळ आला, म्हणून दरवर्षीसारखी गल्लीची साफसफाई. झाडू, कोयते, चुन्याच्या बादल्या. बघते तर बु रास्मी शिडीवर! हनुवटी गेली, गाल गेले, नाकावर तर दोन हात मारले.
दामार बोंबलत धावला, "बु, अहो हे शहराचं आहे!"
"दरवर्षी मीच रंगवते माझी भिंत." ब्रश बादलीत बुडवत म्हणाली, "आता वाचवायला नुसतं घर उरलंय. वाचवा बघू."
मी शिडी धरली. दामार माझ्याशी बोलत नाही. बरंच झालं!

११ ऑगस्ट
साहेब तणतणत आले – चेहरा परत कधी काढता? बु रास्मीनं त्यांना आमच्यासोबत आपल्या घरात चटईवर बसवलं, दार लावलं आणि दारालाच पाठ लावून बसली. "इथं एकमत होईपर्यंत कुणी उठत नाही, साहेब."
दुपार झाली. ती त्यांना पुन्हा चहा ओततेय.