डाव्या कानाची तक्रार

४ नोव्हेंबर

उत्पादक महोदय यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि. (सप्रेम हे सवयीने लिहिलं गेलं. वाचू नये.)

पत्र लिहिण्यास कारण की, आपल्या कार्यशाळेतून आमच्या दुकानात विक्रीसाठी आलेले वायरचे इअरफोन गिऱ्हाइकं परत आणून देत आहेत. ते या खोक्यात भरून पाठवत आहे. फोन आपण उचलत नाही, कारण आपल्या कानांत सदैव काहीतरी खुपसलेलं असतं. खोका तरी उघडाल म्हणून पत्र अगदी वर ठेवलं आहे.

इकडे सर्व क्षेम. दादाची कंबर पुन्हा धरली आहे. वहिनीच्या शिकवण्या जोरात चालू आहेत.

खरं तर हे पत्र दादानेच लिहायला हवं होतं. दुकान त्याचं, आणि मेहुण्याचा माल म्हणून डोळे मिटून ठेवून घेतला तोही त्यानेच. पण त्याला आपला फार कळवळा. म्हणाला, "सोनारानेच कान टोचावेत. तूच लिही." म्हटलं, मी कुठली सोनार? वर्षभरात नवऱ्याला एक ओळ लिहिली नाही, आता तक्रारपत्र लिहू? पण काउंटरवर मी बसते, बोलणी मी खाते. तेव्हा लिहिते.

पहिल्या आल्या ग्रंथालयातल्या बाई. जन्मात कधी आवाज चढवला नसेल त्यांनी. इअरफोन हळूच काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "उजवा छान बसतो हो. डावा मात्र कुणीतरी रागावून कानात बोट घातल्यासारखा वाटतो." मग गाडी चालवायला शिकवणारे मास्तर. ते म्हणाले, "ताई, माझे दोन्ही कान एकाच आईने दिलेत. मग एकालाच का टोचतं?" मी हसून वेळ मारून नेली. त्यानंतर रांगच लागली आणि प्रत्येकाचं बोट डाव्या कानाकडे.

आवाजाचं म्हणाल तर बोलणं अगदी स्वच्छ ऐकू येतं, हे सगळे कबूल करतात. पण व्यायामशाळेतल्या पहिलवानाला बेस पुरत नाही. "हा ड्रम आहे की कुणी गादी झटकतंय?" असं त्याने भर दुकानात विचारलं. शेजारचे शिंपीकाका दिवसभर मशिनवर बसून गाणी ऐकतात. त्यांचं म्हणणं, वरचे सूर सगळे दबलेत, बाई पांघरूण घेऊन गातेय असं वाटतं. शिवाय वायर शर्टाला घासली की कानात खसखस होते ती वेगळीच.

दादा सांगत होता की महिनाअखेरीला मोठा वितरक दुकानादुकानांतून विचारून ठरवणार आहे, तुझा माल उचलायचा की नाही. त्याने नाही म्हटलं तर कार्यशाळेला कुलूप. मला काय त्याचं. तरी कळवलं. आणि आपण-आपण लिहिता लिहिता तू कधी झालास कळलं नाही. आता कागद वाया कोण घालवणार? राहू दे तसंच.

कळावे,
काउंटरवर बसणारी


१३ नोव्हेंबर

अरे बाबा,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं का, यावर घरात चर्चा झाली. "छोट्या रबरी टोप्या पाठवल्या आहेत. बदलून पाहा. तुला कसे बसले?" संपलं! औषधाच्या बाटलीवरसुद्धा याहून जास्त मजकूर असतो. वहिनीने कागद उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून.

तर तुझ्या टोप्या. दुकानात स्टूल मांडलं आणि जो परत द्यायला येईल त्याला बसवून टोप्या बदलून पाहिल्या. मास्तरांनी छोटी टोपी लावली, तर मान हलवली की डावा इअरफोन टपकन खाली. मोठी लावली तर डोळ्यांत पाणी. म्हणाले, "ताई, गाडी शिकवताना रडलो तर शिकणाऱ्याचा धीर सुटेल." शिंपीकाका तर मापाचा माणूस. त्यांनी इअरफोन बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाले, "टोपी बदलून काय उपयोग? अंगरखाच चुकीच्या अंगावर बेतलाय." दोष टोपीत नाही, तिच्यामागच्या प्लास्टिकच्या आकारात आहे. डाव्याच्या कडेला एक विचित्र बाक आहे, तो टोचतो. हे तुला पहिल्या पत्रानंतर तरी कळेल असं मी समजत होते. पण पालथ्या घड्यावर पाणी!

मला कसे बसले हा मुद्दाच नाही. मी गिऱ्हाईक नाही. आणि मी इअरफोन वापरत नाही, हे तुला माहीत आहे.

काल वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले. त्यांनीही एक जोडी नेली होती. परत देताना विचारलं, "बनवणारा कोण? त्याला भेटून विचारलं पाहिजे, कुणाचा कान समोर ठेवला होता." दादा लगेच आत गेला, बिलं शोधायला. मी म्हटलं, "आहेत एक गृहस्थ. लांब राहतात."

लिहायचं नव्हतं, पण आता लेखणी थांबत नाही. चार दिवस दादाकडे जाऊन येते, असं मी दारात उभी राहून म्हणाले होते. तू टेबलावर वाकून तारा जोडत होतास. मान न वळवता "बरं" म्हणालास. जिना मी मुद्दाम हळू उतरले. चार दिवस संपले, ऋतू संपले, तुझं ते "बरं" काही संपत नाही. तू मला कौतुकाने रेडिओ म्हणायचास. मला आवडायचंही. नंतर लक्षात आलं की रेडिओ लावून ठेवतात आणि आपलं काम करत बसतात. तू अगदी तेच केलंस.

दादाला तुझी फार काळजी वाटते. रोज संध्याकाळी हिशोब मिटवताना म्हणतो, "पोरगं बुडणार." तू त्याच्याहून मोठा आहेस, तरी पोरगंच म्हणतो. साचा बदल, एवढंच आमचं म्हणणं आहे. अजून वेळ आहे. वितरकाचा माणूस आला तर मी त्याला काय सांगू? खोटं बोलायला मला जमत नाही आणि खरं सांगितलं तर तू रस्त्यावर येतोस.

उत्तर सविस्तर लिही. निदान समोर माणूस आहे असं समजून लिही.

वैतागलेली


२१ नोव्हेंबर

प्रिय लिहायचं की नाही यात अर्धी दुपार गेली. तेव्हा मायना सोडूनच देते.

दादाची कंबर आता बरी आहे. शिंपीकाकांनी त्याला पट्टा शिवून दिला. वहिनीच्या शिकवणीतली मुलं परीक्षेला बसली. दुकानात नवे पंखे आलेत. दोन ओळींत सांगता येईल अशी बातमी इतकीच.

तुझी चिठ्ठी आली. "साचा बरोबर आहे. ज्या कानावरून घेतला त्या कानाला बसतो. बदलणार नाही. तुला कसे बसले ते लिहिलं नाहीस." वाचली आणि असं डोकं फिरलं की चहा तसाच गार झाला. चार माणसं ओरडून सांगताहेत की टोचतं, आणि हा शहाणा म्हणतो बरोबर आहे! ज्या कानावरून घेतला, त्या कानाला बसतो म्हणे. मग विक त्या एका कानाला.

आणि मग तिथेच अडकले. कुठला कान?

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. परत आलेल्यांतली एक जोडी पुसून घेतली. उजवा घातला. डावा हातात धरून बसून राहिले. तुला माहीत आहे ना, लहानपणी मी झोक्यावरून पडले, डाव्या कानाला टाके पडले आणि कडेला ती घडी राहिली. आजवर कुठला इअरफोन त्या कानात टिकला नाही. घातला की गळून पडायचा, म्हणून मी नादच सोडला होता.

घातला. बसला. कुलपात किल्ली फिरावी तसा. तो विचित्र बाक, ज्याने मास्तरांना रडवलं, तो माझ्या घडीत जाऊन निवांत पडला.

मग आठवलं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष. स्वयंपाकघरातल्या टेबलावर उशी ठेवून मला कुशीवर झोपवलंस. कानात कापूस आणि त्यावर ते गुलाबी, थंड, पुदिन्याच्या वासाचं मिश्रण. "सुकेपर्यंत बोलू नकोस," म्हणालास. मी बोलले नाही! माझ्यासारखी बाई बोलली नाही, कारण तू माझ्या डोक्यावर हात ठेवून उभा होतास. नंतर त्या साच्याचं काय केलंस ते मी कधी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस. म्हणजे एवढी वर्षं तो तुझ्या टेबलावर होता, मी मागे उभी राहून तुझ्या पाठीशी बोलत होते आणि तू माझ्या कानाकडे बघत होतास?

गाणं लावलं. शिंपीकाका म्हणतात ते खरं, वरचे सूर दबलेत. पण मी ऐकत राहिले आणि माझं डोकं दुखलं नाही. शिट्टी वाजली, ब्रेक किंचाळला की मी कपाळ धरून बसते, हे तू पाहायचास. काही बोलायचा नाहीस, उठून खिडकी लावायचास. या इअरफोनातही तू खिडकीच लावून ठेवली आहेस. सगळ्यांच्या गाण्यांना.

अरे, हे काय करून ठेवलंस? अख्ख्या गावाच्या कानात माझा कान घालायला निघालास? आणि वर म्हणतोस बरोबर आहे? इतकी हुशारी आणि इतका मठ्ठपणा एका माणसात राहतो कसा? बारकाव्यांसकट माझा कान पाठ आहे तुला. त्या कानाच्या मालकिणीने काय काय सांगितलं, त्यातलं एक वाक्य तरी आठवतं? माझा राग कमी झालेला नाही, हे नीट समजून घे. उलट वाढलाय. आधी वाटायचं तुझं लक्षच नव्हतं. आता कळलं, होतं, आणि तरी तू मला जिना उतरू दिलास.

साचा बदलणार नाही म्हणतोस ते हट्टाने की आणखी कशाने, मला ठाऊक नाही. आणखी कशाने असेल तर ती इअरफोन विकून सांगायची गोष्ट नाही. माणसं तोंडाने सांगतात.

आता काम ऐक. परवा मी दातांच्या डॉक्टरांकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. तुझी-माझी गोष्टही सांगितली. ते पोट धरून हसले. म्हणाले, "पाठवा सगळ्यांना वर. दातांचं माप घेतो तसं कानांचं घेऊ. आमच्या खुर्चीत कुणी तोंड बंद ठेवून बसलं, तर मलाही तेवढाच विसावा." मास्तर आले, ग्रंथालयातल्या बाई आल्या. शिंपीकाका आले ते स्वतःची टेप घेऊनच. पहिलवान सुईला घाबरतो, त्याला सुई नाही म्हणून शपथेवर सांगावं लागलं. वहिनीने कान दिला, दादाने दिला. दोन्ही बाजूंचे कान आहेत. प्लास्टरचे सगळे कान कापसात गुंडाळून या खोक्यात ठेवलेत, प्रत्येकावर कुणाचा ते लिहिलंय. यांच्यावरून नवा साचा कर. वरचे सूर थोडे मोकळे सोड, पहिलवानापुरता बेस वाढव, आणि वायर जरा मऊ घे. वितरकाचा माणूस आला तर मी खरं तेच सांगेन: हा माल वाईट, पण बनवणारा चांगला आहे, त्याला थोडा वेळ द्या. त्याने ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर दादा म्हणतो, दुकानाच्या मागची खोली रिकामी आहे.

माझा साचा मोडू नकोस. पण कामाच्या टेबलावरून उचल. तो विकायचा नाही.

दोनदा विचारलंस, पहिल्यांदा टाळलं. आता लिहिते. मला कसे बसले? बसले. टाके पडल्यापासून पहिल्यांदा दोन्ही कानांनी गाणं ऐकलं. रडू आलं, आणि रडू आलं याचा संताप आला. ही जोडी परत पाठवत नाही. रोज दुपारी काउंटरवर बसून घालते. त्यात बाहेरचं काहीच ऐकू येत नाही. परवा दादा दारातून हाका मारून मारून दमला, शेवटी समोर येऊन हात हलवला तेव्हा मला कळलं.

म्हणून सांगून ठेवते. येणार असशील तर दारातून हाक मारू नकोस. समोर येऊन उभा राहा. मी इअरफोन काढीन. मग आधी तू बोलायचंस, आणि "बरं" सोडून काहीही चालेल.

जिचा डावा कान तुझ्याकडे आहे,
ती