आबांच्या हयातीतलं मुंडण

आबा,

काल तुमी सगळ्यांसमोर पोट धरून हसलात, त्यात मला बोलायचं होतं ते राहून गेलं. म्हणून लिहितोय, पण पाठवणार नाय.

पार्लरच्या बाईंनी माझ्या टकलावर सुईनं शाईचे बारीक ठिपके टोचलेत. त्यानं डोकं नुकताच वस्तरा फिरवल्यासारखं दिसतं. शाई खोल गेली तर निळी पडते, सोसली नाय तर खाज सुटते, म्हणून त्यांनी आधी कानामागं टोचून पाहिलं. मिशी काढली तर आणखी शोभेल म्हणाल्या, तीही काढली.

कशेळ्याच्या बाजाराचा धोका मात्र त्यांनी सांगितला नाय. माझा अवतार बघताच चंद्रामावशीनं हंबरडा फोडला, "गेले रं आमचे दाजी!" मला वाटलं, बातमी तीच घेऊन आलीय. मग मीही गळा काढला. जीपभर माणसं रडत भिवपुरीला आपल्या घरी आलो, तर दार तुमीच उघडलंत आणि घाबरून विचारलंत, "कोण गेलं रं?"

आबा, तुमच्यामागं उतरवायला माझ्या डोक्यावर आता केस नायत, आणि ही शाई काय वस्तऱ्यानं निघत नाय. तवा जायची घाई करू नका.

तुमचाच,
ठिपकेवाला ऋतिक