डाव्या बिजागरीखालची चकती

डेटन, ओहायो
२० नोव्हेंबर १९९४

ती. ऑर्व्हलमामा यांस,
भाची ट्विलाचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण एक हरीण. गेल्या मंगळवारी शाळेची बस डेपोत लावून माझ्या हिरव्या शेव्हेल गाडीतून घरी येत होते, तर मक्याच्या शेतातून ते थेट दिव्यांसमोर आलं. मला मनगटाला मुका मार लागला. हरीण गेलं. गाडी मागून अशी दिसते की काही झालंच नाही. पुढून मात्र बॉनेट घडी पडून उभं राहिलंय, दोन्ही मडगार्ड आत गेलेत, जाळीचे तुकडे झालेत आणि रेडिएटरची चौकट वाकलीय. इंजिन शाबूत आहे, सांगाडाही सरळ आहे, मोजून घेतला.

तुम्ही फोन उचलून तीनदा काय काय असं विचारता आणि ठेवून देता, म्हणून लिहायला बसले. इतकी वर्षं कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेससमोर काढल्यावर कानांना तरी काय बोल लावणार.

इथल्या गॅरेजमध्ये एक माणूस आहे. तो म्हणतो, नकली भाग आणले तर फटी जुळणार नाहीत, पण सत्तर सालच्या दुसऱ्या शेव्हेलचं तोंड मिळालं तर सहा आठवड्यांत गाडी उभी करतो. मामा, अशी गाडी मला एकच माहीत आहे. ती निळी आहे आणि तुमच्या खुराड्यामागे उभी आहे. मला तिचं फक्त तोंड हवं, बाकीची तुम्हाला लखलाभ.

मागायला संकोच वाटतो. आई असती तर तिनेच मागितलं असतं, आणि धाकट्या बहिणीला तुम्ही नाही म्हणाला नसता.

ओपलमामींना नमस्कार. लोभ आहे तो तसाच ठेवा, उत्तर तेवढं लवकर पाठवा.

तुमची,
ट्विला


सॉरवुड ब्रँच, केंटकी
३ डिसेंबर १९९४

चि. ट्विला हिस,
मामाचे अ. आ.

हरणाची हकिकत वाचली. मांसाचं काय केलंस ते लिहिलं नाहीस. आमच्याकडे हरीण गाडीवर आलं तर आधी ते फ्रीजरमध्ये जातं आणि मग माणूस गाडीकडे वळतो. ओहायोत राहून तू पार बिघडलीस.

आता गाडीचं. चालकाच्या जागेवर माझी ठिपक्यांची कोंबडी अंडी उबवते आहे. बॉनेटखाली गांधीलमाश्यांचं पोळं आहे. शिवाय खुराड्यामागे इतका चिखल आहे की तिथून सुई काढायचीही सोय नाही.

ही कारणं पुरत नसतील तर खरं कारण एकदाच लिहितो. ती गाडी मी आणि माझ्या मुलाने चार हिवाळे खपून उभी केली. त्र्याऐंशीच्या संपात आम्ही तेरा आठवडे कारखान्याच्या गेटवर उभे होतो, आणि चौदाव्या आठवड्यात तो त्याच गाडीत बसून आमच्यामधून आत कामाला गेला. त्याची बायको दिवसांत होती, ठाऊक आहे मला. गेटवरच्या पुष्कळांच्या बायका दिवसांत होत्या. चाकाखाली जायची हौस कोणाला नव्हती म्हणून पुढून गाडीला ओरखडा गेला नाही. मागून मात्र लोकांनी कुऱ्हाडीच्या दांड्यांनी झोडपली. चौदा पोचे आहेत. दुसऱ्या दिवशी किल्ली आमच्या ओसरीवर टाकून तो टेक्सासला गेला. त्याला अकरा वर्षं झाली. या घरात त्याचं नाव घेतलं जात नाही आणि त्या गाडीला पाना लागत नाही. दुसरं काहीही माग.

ओपलने सफरचंदाचा मुरंबा पाठवला आहे. मुरंबा आणि नकार, दोन्ही गोड मानून घे.

तुझ्या वाईटावर नसलेला,
मामा

ता. क. पाकीट मी चिकटवते, म्हणून या दोन ओळी माझ्या. त्या गाडीत कोंबडी कधीच बसलेली नाही, हे बसू देत नाहीत. निवृत्त होऊन इकडे आलो तेव्हा घरातली अर्धी कपाटं मागे ठेवली, पण गाडी ट्रेलरवर घालून आणली. दर वसंतात तिच्या बंपरला मेण लागतं. आणि मुलाचं नाव डेन्व्हर आहे, मी घेते. — ओपलमामी


डेटन
१५ डिसेंबर १९९४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हरणाचं मांस शेजाऱ्याने नेलं आणि मला एक तंगडी दिली. म्हणजे अगदीच बिघडले नाही.

तुमचं खरं कारण वाचलं. त्यावर वाद घालण्याइतकी मी मोठी नाही. पण एक गाडी पुढून मेली आहे, एक मागून, आणि दोघी दोन राज्यांत गंजत उभ्या आहेत. कोंबडीची परवानगी घेऊन पुन्हा एकदा विचार करा.

गॅरेजमधल्या माणसाने यादी करून दिली. त्याचं अक्षर लागत नाही म्हणून मी शब्दन् शब्द उतरवून सोबत जोडली आहे: बंपर ब्रॅकेटांसकट, जाळी, दिव्यांच्या चारही वाट्या, रेडिएटरची चौकट, बॉनेट, दोन्ही मडगार्ड, बॉनेटच्या दोन्ही बिजागऱ्या बोल्टांसकट, आणि डाव्या बिजागरीखालची पत्र्याची चकती हरवू नये. इतका बारकाईने काम करणारा माणूस आजकाल मिळत नाही.

नाताळात चर्चला गेलात की माझ्या मनगटासाठीही एक शब्द टाका. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
ट्विला


सॉरवुड ब्रँच
९ जानेवारी १९९५

चि. ट्विला हिस,
अ. आ.

यादी वाचली. मग कोट घालून बाहेर गेलो आणि बॉनेट उघडलं.

चकती जागेवर आहे. शहात्तरच्या फेब्रुवारीत बॉनेट डावीकडे एक बोट वर राहात होतं. तेव्हा मी माझ्या तपकिरीच्या डबीचं झाकण कापून ती बनवली. कापली मी, कडा कानशीने घासल्या त्याने. वरून ती दिसत नाही, बिजागरी सोडल्याशिवाय कोणाला कळत नाही. जगात दोन माणसांना ती ठाऊक आहे, आणि तुला मी सांगितलेली नाही.

तू खोटं लिहिलं नाहीस, नाव तेवढं लिहिलं नाहीस. तुझी आईही असंच करायची. तो परत आला आहे आणि काम करतो आहे, एवढं कळलं. त्याहून जास्त मी विचारलेलं नाही, हे ध्यानात ठेव.

गाडी मिळणार नाही.

मामा


डेटन
२२ जानेवारी १९९५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

चोरी पकडली गेली, ती माझ्या शब्दन् शब्द उतरवण्याने. मला वाटलं, अशी चकती प्रत्येकच गाडीत असते.

तुम्ही विचारलं नाही, तरी लिहिते. डेन्व्हर ऑगस्टमध्ये आला. बायको वेगळी झाली आहे, मुलगी तिच्याजवळ टेक्सासात असते. तो माझ्या घरापासून दोन रस्ते पलीकडे राहतो, अर्धं डोकं पिकलं आहे. त्याला वाटत होतं, तुम्ही ती गाडी तेव्हाच भंगारात घातली असणार. ती केंटकीत उभी आहे हे मी सांगितलं त्या दिवशी तो जेवला नाही. हरीण खरं आहे, पण यादी केली ती त्याने, आणि तुमच्याकडे मागायचं धाडस केलं ते मी. तो मला नको लिहू म्हणत होता.

त्याला पश्चात्ताप होतो का, हे मी विचारलं. आत गेल्याचा होत नाही म्हणाला. तीच वेळ आली तर पुन्हा जाईन, पोटातल्या मुलीसाठी गेलो होतो. पण त्या गाडीतून जायला नको होतं, बसने जायला हवं होतं, असं म्हणाला. मग बराच वेळ हात पुसत बसला. हे तुम्हाला रुचणार नाही, पण गोड करून लिहिलं असतं तर मी दुसऱ्यांदा चोर ठरले असते.

मामा, मला गाडी नाही मिळाली तरी चालेल. बसने कामावर जाते आहे आणि तीही मीच चालवते. पण तुम्ही सत्तरीला आलात आणि तो अडतिसाला, याची मला भीती वाटते.

रागवा, पण माझ्यावर रागवा.

ट्विला


सॉरवुड ब्रँच
१२ मार्च १९९५

चि. ट्विला हिस,
अ. आ.

उत्तराला सात आठवडे लागले, कारण मी कामात होतो.

बंपर काढला. जाळी काढली, एक दात आधीच तुटका होता, तो माझ्या माथी मारू नये. दिव्यांच्या वाट्या काढल्या, रेडिएटर बाहेर घेतला. मडगार्डांच्या बोल्टांना रोज सकाळी तेल देत होतो. दाराच्या बिजागरीमागे दडलेला तो शेवटचा बोल्ट आठवडाभर हलेना, परवा हलला. सगळे बोल्ट ओपलच्या लोणच्याच्या बरण्यांत घालून वर चिठ्ठ्या लावल्या आहेत. लोणचं कशात घालायचं यावर घरात बोलणं चालू आहे, मला ऐकू येत नाही ते बरं आहे.

बसचं वाचलं. तो बसने आला असता तर आम्ही बसही झोडपली असती. पण बस मी बांधलेली नव्हती. हा फरक त्याच्या ध्यानात आला असेल तर अकरा वर्षं अगदीच फुकट गेली नाहीत.

बॉनेट राहिलं आहे. ते निघाल्याशिवाय मडगार्ड निघत नाहीत, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकट्याने सोडलं तर कोपरा काचेत घुसतो. ओपलची कंबर धरली आहे. शेजारचा हर्शेल येईल, पण त्याला मी सांगणार नाही. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी मी घरी आहे. इतर शनिवारीही असतो.

ज्याला यायचं त्याने नऊ-सोळांश इंची पाना आणावा. माझा त्र्याऐंशीपासून सापडत नाही.

मामा


सॉरवुड ब्रँच
१० एप्रिल १९९५

चि. ट्विला हिस,
ओपलमामीचे अनेक आशीर्वाद.

तुला शाळेच्या सहलीची बस सोडता आली नाही, म्हणून शनिवारचं सविस्तर लिहिते.

तो दहाला आला. हे खुराड्यामागे उभे होते, पुढे झाले नाहीत. मी मात्र झाले, आणि काय झालं ते तुला वेगळं सांगायला नको. मग तो मागे गेला आणि खिशातला पाना काढून यांच्यासमोर धरला. यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, आपलाच आहे अशी खात्री केली आणि त्याच्या हातात परत दिला.

बोलणं काहीच झालं नाही. यांना ऐकू येत नाही. पण प्रेसच्या गोंगाटात ही माणसं हातांनीच बोलायची, ते दोघांनाही येतं. यांनी दोन बोटं वर केली, त्याने बॉनेटचा कोपरा खांद्यावर घेतला. यांनी तळवा सपाट केला, त्याने भार सोडला. एकदाही चूक झाली नाही. मी गवतावर माझी गोधडी पसरली होती, तिच्यावर दोघांनी बॉनेट ठेवलं. ठेवून झाल्यावरही दोघं आपापला कोपरा धरून तसेच वाकून उभे होते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. मग माझ्याच्याने बघवेना, मी घेवडा ढवळायला गेले.

जेवायला घेवडा आणि मक्याचा पाव केला होता. त्याने तीनदा घेतला. चार वाजता सगळं ट्रेलरवर बांधून तो गेला. गाडी वळणाआड गेल्यावर हे मागे गेले आणि त्या तोंड नसलेल्या गाडीच्या मागच्या बाजूला फळकुटावर बसून राहिले.

आज यांनी कागद मागितला. सोबतचं पाकीट त्याला दे. वाचू नकोस, मी वाचलं आहे.

आम्हा दोघांची माया, आणि माझी थोडी जास्त.

ओपलमामी


सॉरवुड ब्रँच
१० एप्रिल १९९५

चि. डेन्व्हर यास,
अनेक आशीर्वाद.

भाग नीट पोचले असतील. मडगार्ड बसवताना आधी दाराची फट जुळव, मग बॉनेटची. तुला माहीत आहे, तरी लिहितो. ट्विलाची गाडी हिरवी आहे. निळं तोंड काही दिवस तसंच राहू दे, रंगाची घाई नको.

बॉनेट डावीकडे एक बोट वर राहील. चकती बरणीत सापडणार नाही, ती मी काढून घेतली आहे. पोस्टाने पाठवणार नाही.

गाडीचा मागचा भाग इथेच आहे. लोकांनी चौदा पोचे घातले असं मी सगळ्यांना सांगत आलो. तुझ्या आईलाही तेच सांगितलं. लोकांनी घातले ते अकराच. उजव्या दिव्याच्या वरचे तीन माझे आहेत. तू तेव्हा आरशात बघत होतास आणि मी तुझे डोळे पाहिले. तू कोणाला सांगितलं नाहीस. मला त्याची लाज वाटते, रोज वाटत आली.

ते तीन मला काढायचे आहेत. हातोडी माझ्याकडे आहे.

चकती न्यायला येशील तेव्हा दिवसभराची सवड काढून ये.

तुझा बाप,
ऑर्व्हल टॅकेट