आमच्या बाजूला एकही पास नाही

शनि. ८ ऑक्टोबर २०१६
हरलो. आमच्या अर्णवचे तीन बॉल समोरच्यांनी झेलले, चार वेळा त्याला आडवा केला. अठरा वर्षांचा पोरगा, मोठ्यांच्या टीममध्ये पहिलंच वर्ष, त्यात अमेरिकन फुटबॉलचा क्वार्टरबॅक. म्हणजे प्रत्येक खेळी त्याच्या हातून सुरू होणार, कुणाला फेकायचा ते दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. आणि शिकवणारा कोण, तर रॉस. आठवडाभर प्लंबर, शनिवारी कोच. मैदानाच्या पलीकडच्या कडेला हाताची घडी घालून उभा. ओरडणं नाही, काही नाही.
अलीकडच्या कडेला मी आणि माझा जुना मित्र मिलिंद. तो मोबाइलवर शूटिंग करतो, ओरडायचं काम माझं. मराठीत ओरडायचं, म्हणजे समोरच्यांना कळत नाही. अर्णव मराठी बोलत नाही, पण कळतं सगळं. "फेक, फेक! लांबचा बघ! अरे थांब!" घसा बसलाय. फुकट कोचिंग देतोय, रॉसनं आभार मानायला हवेत.

शनि. १५
परत हरलो. आज नीट लक्ष ठेवलं. सगळे पास पलीकडे, रॉसच्या बाजूला. आमच्या बाजूला एकही पास नाही! अर्धं मैदान मोकळं, तिथे आपला माणूस हात हलवून दमला. हाफटाइमला जाऊन जाब विचारला. "इट्स फॉर हिम, मेट. ट्रस्ट मी." ट्रस्ट! ईस्ट टामाकीतल्या फॅक्टरीत माझी पॅकिंगची लाइन दोन आठवडे अशी चालली असती तर मला घरी बसवलं असतं.
गाडीत अ.ला सगळं समजावलं, घर येईपर्यंत. तो खिडकीबाहेर बघत. "येस, बाबा." दारातच वैशाली म्हणाली, आपल्या पोराला आधी जेवू दे. मी काय जेवू देत नाही का?

रवि. ३०, लक्ष्मीपूजन
मिलिंदकडे बॉटनी डाउन्सला फराळ. अ. आला नाही, अभ्यास म्हणे. विषय निघालाच. मिलिंद कोचच्या बाजूनं! "पोरगा नवा आहे, तो त्याला सोपं करून देतोय. तू जरा गप्प बसून बघ ना एक मॅच." पामर्स्टन नॉर्थला शिकताना तीन वर्षं एका खोलीत राहिलो, माझ्या हातचा वरणभात खाऊन पास झाला हा, आणि मलाच गप्प बस. डोकंच फिरलं. "शूटिंग कर आणि स्वस्थ बस, खेळातलं तुला काय कळतं," म्हणालो. त्याच्या बायकोसमोर. चकल्या तशाच टाकून उठलो.
परतताना वैशाली म्हणाली, उद्या त्याला फोन कर. तीही त्याच्याच पार्टीत.

मंगळ. १ नोव्हेंबर
क्लबच्या कमिटीला मेल टाकला. दीड पान. 'इन्कॉम्पिटंट' दोनदा. घरात सांगितलं नाही. फार बरं वाटलं.

शनि. ५
अ. खांद्यावर पडला. उठेना. मी धावत आत गेलो, रॉस आधीच पोचला होता. अ.नं हात धरला होता तो त्याचा. मला म्हणाला, "गो बॅक, बाबा. प्लीज."
हाड शाबूत, मुका मार. पण उद्या हाड मोडेल तेव्हा? कमिटीचं उत्तर आलं: बुधवारी मीटिंग, पुरावा असेल तर पाठवा. पाठवतो ना. चांगला ढीगभर पाठवतो.

रवि. ६
पुरावा काढायला बसलो. मिलिंदचे सगळे व्हिडिओ ग्रुपवर आहेतच. आवाज मोठा करून लावले.
माझा आवाज. कॅमेऱ्याच्या शेजारीच तर उभा होतो. "फेक!" आणि अ.चं हेल्मेट आमच्याकडे वळतं. लगेच आडवा. "थांब!" हेल्मेट वळतं. आडवा. चौथी क्लिप, सातवी क्लिप. कालची, खांद्याची. ती तीनदा पाहिली.
मी ओरडत नाही तिथे तो बघत नाही. तिथे पास बरोबर जातो.
वैशालीनं विचारलं काय झालं. काही नाही म्हणालो आणि फोन बंद केला.

मंगळ. ८
अ.ला विचारलं. कॉलेजची बॅग खांद्यावर तशीच. "आय कान्ट स्विच यू ऑफ, बाबा. तुझा आवाज आला की मी बघतोच." एवढं एक वाक्य मराठीत बोलला. रॉसला पहिल्या मॅचलाच कळलं होतं. म्हणून सगळे पास पलीकडे आखले, अ.ची नजर आमच्याकडे येऊच नये म्हणून. मला सांगू नको असं अ.नंच त्याला विनवलं.
मला का नाही सांगितलंस? ओरडलोच. "यू लुक्ड सो हॅपी."
लाज वाटली. राग अजून आहे, पण रॉसवर काढता येत नाही. मेल मागे घेतला, चार ओळींत.

गुरु. १०
उशीर झाला. दीड पानाचा मेल कमिटीनं काल वाचला, चार ओळींचा म्हणे नंतर बघतील. चौकशी होईपर्यंत रॉसला मैदानावर यायची बंदी. तक्रार कुणाची, हे अ.ला क्लबमध्येच कळलं. जेवायला आला नाही. दारातून म्हणाला, "डोन्ट कम ऑन सॅटरडे." दोन वेळा रॉसला फोन लावला. उचलत नाही. मी तरी कशाला उचलला असता.

शनि. १२
गेलो नाही. वैशाली एकटी गेली. घरात कपडे वाळत घातले, काढले, परत घातले. अजून ओलेच होते, गाढवासारखा काढत बसलो.
पावणेदोनला मिलिंदचा मेसेज. दिवाळीनंतरचा पहिला.
"आजही बॉल फेकायच्या आधी वळून बघतोय. एकदा आपल्या बाजूला, एकदा पलीकडे. इकडे तू नाहीस, तिकडे रॉस नाही."
मैदान पंधरा मिनिटांवर. अ. येऊ नको म्हणालाय.